बाबांनी वजनावर घेतलेली गिटार

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी बाबा ती उचलून बघायचे. पातेलं, खुर्ची, सुटकेस, कलिंगड, टेबलफॅन, एकदा तर शेजाऱ्यांचं नवं बाळ. उचलायचं, डोळे किंचित मिटायचे, दोनदा वरखाली करायचं आणि निकाल द्यायचा: "भरीव आहे" किंवा "पोकळ आहे." बाळ भरीव निघालं. बाबा दुबईत अल क्वोजमध्ये एका पंप विकणाऱ्या कंपनीचं गोदाम सांभाळायचे. बिडाचे पंप उचलण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याचा हलक्या वस्तूंवर विश्वास बसणं अवघडच. त्यामुळे माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार कशी निवडली गेली हे सांगताना मी तिचा आवाज, तिचं लाकूड, तिची कंपनी असल्या किरकोळ गोष्टींकडे वळणारच नाही. ती वजनावर घेतली गेली.

दुबईत त्या काळी घरं भरायची ती जाणाऱ्यांच्या सामानानं. कुणाचा व्हिसा संपायचा, कुणाला कॅनडा लागायचा, की सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी झळकायची: सोफा, मायक्रोवेव्ह, पाळणा, जमलं तर सगळं एकदम. आमचा सोफा एका इजिप्शियन डॉक्टरचा होता, आणि त्याच्या फटींतून कितीतरी वर्षं सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघत होती. गिटारची चिठ्ठी एका फिलिपिनो अकाउंटंटची होती. सतव्यातल्या त्याच्या खोलीत बॅगा भरलेल्या होत्या आणि पलंगावर दोन गिटारी शेजारी शेजारी झोपवलेल्या होत्या. एक फिकट पिवळी, अंगानं सडपातळ, पोटाशी टेकते तिथे आणि हात ठेवतात तिथे लाकूड खरवडून गोलाई दिलेली. दुसरी गडद लाल, जाडजूड, एका बाजूनं खोबण असलेली, कडा पाटासारख्या सरळ. बाबांनी पिवळी उचलली. "पोकळ." लाल उचलली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती मी नंतर फक्त निवृत्तीच्या दिवशी पाहिली. तो भला माणूस म्हणाला, "सर, फॉर स्मॉल गर्ल, दिस वन बेटर," आणि पिवळी पुढे केली. बाबा हसले. "छोटी है अभी. बडी होगी ना." शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायचा, बूट एक नंबर मोठे घ्यायचे, पुढे कापूस भरायचा, तशी गिटारही वाढत्या हाताची घ्यायची. इतकं सरळ होतं ते. खलास. मी पुढे बरीच वाढले, चांगली बाबांच्या कानापर्यंत आले. हात मात्र वाढला नाही. तो अजूनही बांगडीवाल्याला खूश करणारा हात आहे.

आता त्या गिटारबद्दल. गिटारच्या ज्या लांब भागावर डाव्या हाताची बोटं फिरतात, त्याला वाजवणारे नेक म्हणतात. आमच्या घरात तो दांडा होता. लाल गिटारचा दांडा मधोमध चिरलेल्या दुधी भोपळ्यासारखा होता, पुढून सपाट आणि मागून गरगरीत. माझा पंजा त्याला वेढा घालायला निघायचा आणि अर्ध्या वाटेत दमायचा. अंगठा मागे कुठेतरी टेकायचा, बोटं पुढे कुठेतरी चाचपडायची, आणि दोघांची गाठभेट काही होत नसे. उजव्या हाताखाली तिची ती सरळ कड यायची, आणि तासाभरानं कोपराखाली लाल रेघ उमटायची. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, "व्हॉट हॅपन्ड?" मी गूढ चेहरा करून म्हणायचे, "म्युझिक."

शिवाय मी वाजवायचे मांडी घालून. आमची आई पुण्यात चांगली सात-आठ वर्षं गाणं शिकलेली, आणि संगीत बसूनच करायचं यावर तिची श्रद्धा होती. "उभ्यानं भाजी घेतात, गाणं नाही." करामातल्या त्या दोन खोल्यांत तंबोरा ठेवायला जागा नव्हती, पण आमचा खिडकीतला एसी एका सुरात घुमायचा. आईनं एकदा पेटीवर ताडून पाहिलं तर तो पांढरी चारच्या अगदी जवळ निघाला. मग तिनं त्यालाच तंबोरा मानलं. सकाळी आई एसीच्या सुरात रियाज करायची, कॉम्प्रेसर बंद पडला की श्वास रोखून थांबायची, आणि तो पुन्हा घुरघुरला की तानेचा उरलेला भाग पुरा करायची. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या, खालच्या मशिदीतली अजान, भिंतीपल्याडच्या थॉमस अंकलचा बातम्यांचा आवाज, आणि या सगळ्यात चटईवर मांडी घालून, मांडीवर ते लाल धूड घेऊन मी. जेवणाच्या डब्याएवढा माझा अँप्लिफायर होता. थॉमस अंकल भिंतीवर ठोकायचे, पण तालात ठोकायचे, त्यामुळे मला त्याचा फायदाच झाला.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात एक ऑर्केस्ट्रा असायचा आणि राजवाडे काका त्याचे सर्वेसर्वा होते. आठवडाभर बँकेत मोठ्या हुद्द्यावर, शुक्रवारी संगीत दिग्दर्शक. (तेव्हा सुट्टी शुक्रवारची होती. आता शनिवार-रविवार झाली आहे, पण माझं पोट अजून शुक्रवारीच पोहे मागतं.) तालीम बाबांच्या गोदामात व्हायची, कारण तिथे भिंतीवर ठोकायला कुणी नव्हतं. पंपांच्या खोक्यांवर गायिका बसायच्या, तबला फोर्कलिफ्टच्या सावलीत. दर शुक्रवारी बाबा माझी गिटार स्वतः खांद्यावर घेऊन तीन मजले उतरायचे, कारण आमची लिफ्ट बिघडण्यात तरबेज होती, आणि गोदामात शिरताना ज्याला त्याला सांगायचे, "सॉलिड पीस आहे. उचलून बघा." बिचारे उचलून बघायचे.

शेवटचं गाणं राजवाडे काकांनी स्वतः बांधलेलं होतं, आणि स्वतःच्या अपत्याला कात्री लावायची कुणाची छाती होत नाही, तसं ते लांबतच गेलं होतं. त्यात गिटारला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरावं लागायचं. पहिलं कडवं ठीक जायचं. दुसऱ्यात अंगठ्याच्या मुळाशी ऊब यायची. तिसऱ्याला अशी कळ उठायची की बोटं आपोआप उघडायची, आणि माझ्या गिटारमधून सूर निघायच्या ऐवजी उंदीर पकडल्यासारखा आवाज यायचा. कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीत हे तीनदा झालं. काकांनी पेटी बंद केली. ते चांगले होते, म्हणूनच ते जास्त लागलं.

"बाळा, राग मानू नकोस. हात लहान आहे तुझा. देवानं दिलेला साचा, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार."

"मी अजून प्रॅक्टिस करते, काका."

"कर की. पुढच्या शुक्रवारी स्टेजवर तूच वाजव. पण तिसऱ्या कडव्याला सुटलीस, तर तिथून निनाद उचलेल. आणि पुढच्या वर्षीपासून तू टाळ घे. छान दिसशील टाळ घेऊन."

निनाद आमच्या समोरच्या बिल्डिंगमधला, ऑर्केस्ट्रात दुसरी गिटार वाजवायचा. जिराफानं मनुष्यजन्म घ्यायचं ठरवलं आणि शेवटच्या क्षणी मानेऐवजी हात मागितले, असा मुलगा. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि काकांचं म्हणणं मला पटलं. वाईट वाटण्यापेक्षा हे फार वाईट असतं. त्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये मी दिसेल त्याच्या पंजाला पंजा लावून बघितला. दुसरीतल्या एका मुलाचा पंजा माझ्याएवढा निघाला. घरी मी बोलले नाही. बोलायचं म्हणजे बाबांना सांगायचं, की तुम्ही एवढ्या हौसेनं आणलेला तो सॉलिड पीस मला पेलत नाही. ते अजूनही मी मोठी व्हायची वाट पाहत होते.

मग गौरी जेवायचा दिवस आला. आमच्याकडे गौरी बसायच्या आणि आजूबाजूच्या चार-पाच काकू पुरणपोळ्यांना यायच्या. त्या येताना टॉवेलात गुंडाळून आपापलं लाटणं घेऊन यायच्या. मला ते लहानपणापासून इतकं सवयीचं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरलेली, पुरणाचा जायफळाचा वास एसीलाही न जुमानणारा, आणि रांगेत पोळपाट. कुळकर्णी काकूंचं लाटणं काटकुळं, दोन्ही टोकांना निमुळतं. शिंदे काकूंचं दोन मुठींचं, मधला भाग फिरणारा. आईचं बारीक, सरळ, एका बाजूला किंचित झिजलेलं. मला हाताशी म्हणून बसवलं आणि शिंदे काकू उठल्या होत्या म्हणून मी त्यांचं लाटणं घेतलं. पहिली पोळी फाटली. दुसरीतून पुरण बाहेर डोकावलं. तिसरीला अरबस्तानाचा आकार आला, त्यात ओमानसुद्धा ओळखू येत होता.

"मुलीला पोळी येत नाही का गं?" कुळकर्णी काकूंनी आईला विचारलं. त्यांना टोमणा मारण्यासाठी मुहूर्त लागत नसे.

"येते की. लाटणं कुणाचं आहे ते बघा ना," आई वर न बघता म्हणाली आणि तिचं स्वतःचं माझ्याकडे सरकवलं.

पुढची पोळी गोल झाली. त्यापुढची पण. शिंदे काकू परत आल्या, आणि आईचं लाटणं माझ्याकडे म्हणून त्यांचं आईकडे गेलं, तर आईची, माझ्या आईची, तीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईची पोळी एका बाजूला जाड आणि एका बाजूला पापड. सगळ्या हसल्या. शिंदे काकू म्हणाल्या, "वहिनी, हात सोडा जरा. तुम्ही दाबताय. माझं दाबायचं नसतं, नुसतं ढकलायचं असतं. दोन दिवस लाटाल तर बसेल हात."

मी पुरण लागलेल्या हातांनी तशीच बसून राहिले. या बायकांपैकी कुणाला कधी वाटलं नव्हतं की आपल्या हाताचा साचा चुकलाय. पोळी बिघडली की त्या आधी लाटण्याकडे बघत होत्या. आणि मी इतके दिवस एका दुधी भोपळ्यापायी देवाला दोष देत होते.

दुपारच्या उन्हात, जेव्हा दुबईत कुणी पायी रस्ता ओलांडत नाही, तेव्हा मी ते धूड काळ्या केसमध्ये घालून समोरच्या बिल्डिंगमध्ये नेलं. दार निनादनंच उघडलं.

"तुझा हात दुखतो का रे वाजवताना?"

"नाही."

"खरं सांग."

त्यानं मागे वळून आई स्वयंपाकघरात असल्याची खात्री केली. "थोडा. काकांना नको सांगू हं, प्लीज. ही विल गिव्ह मी टाळ."

त्याची गिटार त्या फिलिपिनो माणसाच्या पिवळीच्या जातीची होती, पण काळी. दांडा बारीक, मागून चपटा. माझ्या बोटांत तो फुटपट्टीसारखा आला. निनादच्या लांबलचक बोटांना मात्र त्यावर घडी घालून बसावं लागायचं, इकॉनॉमी क्लासमध्ये त्याला स्वतःला बसावं लागतं तसं. मी माझी लाल त्याच्या हातात दिली. त्याचा पंजा त्या दुधी भोपळ्याला निवांत बिलगला. त्यानं एक सूर छेडला, तो किती वेळ रेंगाळतोय हे ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "अरे यार."

तुम्हाला वाटेल, झालं, सुटली मुलगी. मलाही तसंच वाटलं. मी काळी गिटार गळ्यात घातली आणि असं भयानक वाजवलं की निनादची आई बाहेर येऊन बघून गेली. भोपळ्यावर जोर लावायची सवय. तोच जोर त्या बारीक दांड्यावर लावला की तारा इतक्या दबायच्या की सूर चढे व्हायचे. दांडा बारीक असला तरी लांबीला जास्त, त्यामुळे त्यावरच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर, आणि माझी बोटं दर वेळी एक पाऊल अलीकडेच उतरायची. अंग इतकं हलकं, की हात टेकवला की गिटार वर उसळायची. कोपराला कड टोचायची सवय झालेली, आता कड नाही, तर कोपर घसरून खाली. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आवाजाचं बटण. लाल गिटारवर ते लांब कोपऱ्यात होतं. इथे ते तारांच्या अगदी शेजारी. करंगळी लागायची आणि ऐन रंगात आलेलं माझं वाजवणं हळूहळू मालवायचं.

"तू कुठे गेलीस?" निनाद विचारायचा.

"करंगळी," मी म्हणायचे.

तरी कार्यक्रमापर्यंत आम्ही गिटारी बदलून घेतल्या, आणि बाबा घरी असले की काळी माझ्या पलंगाखाली जायची. शिंदे काकूंनी दोन दिवस सांगितले होते. मला त्याहून जास्त लागले. बाबा कामावर गेले की मी आईसमोर चटईवर बसायचे. निनादची गिटार मांडीवर घेतली की पोटाशी ती खोलगट जागा यायची आणि ती तिथे मांजरासारखी बसायची. हात सोडायचा, दाबायचं नाही, ढकलायचं. बोट आडवं ठेवायचं, पण चिरडायचं नाही. उभी राहिले की मात्र सगळं बिघडायचं, कारण निनादसारखा मीही पट्टा लांब सोडला होता, स्टाइल म्हणून. आईनं दोन दिवस नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "बसल्यावर ती जिथे असते तिथेच उभ्यानं बांध ना. कडेवरचं मूल आपण गुडघ्याशी धरतो का?" मी पट्टा आखडला. गिटार छातीशी आली. लाळेरं बांधल्यासारखं दिसत होतं, पण मनगट सरळ झालं. उभ्यानं संगीत करू नये, हे आई त्या दिवशी म्हणाली नाही. बाबांना सांगायचं का, हेही तिनं विचारलं नाही.

आजही दुबईला गेले की मी गिटारच्या दुकानात शिरते, डोळे मिटते आणि एकेका गिटारचा दांडा फक्त मुठीत धरून बघते. सेल्समन घाबरतो. माझी मुलगी चार पावलं लांब जाऊन उभी राहते, म्हणजे आम्ही ओळखत नाही. "मम्मा, जस्ट बाय द ब्लू वन," असं तिचं म्हणणं. अल ऐनच्या आमच्या घरात आता तीन आहेत, आणि एकीवरून दुसरीवर गेले की पहिली काही मिनिटं मी अजूनही तितकीच ढ असते. आता फक्त घाबरत नाही. हाताला पाहुणा म्हणून शिरू देते, मग तो घरचा होतो.

त्या शुक्रवारचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाबांना मंडळानं स्टेजमागे विजेच्या बोर्डाशी उभं केलं होतं, कारण आदल्या वर्षी कुणीतरी किटली लावली आणि आरतीच्या मध्यात सगळा हॉल अंधारात गेला होता. गिटार निनादकडे आहे, तारा बदलायला, असं मी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी बाबा मोकळ्या हातांनी आले. डोक्याला फेटा, आणि हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखे ते सारखे खिशात घालत, काढत होते. त्यांना पडद्याआड फक्त ऐकू येणार होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. राजवाडे काकांनी निनादकडे पाहून मान हलवली, म्हणजे तयार राहा. निनाद माझी लाल गिटार घेऊन, राजासारखा आरामात उभा होता. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मी हात सोडला होता, करंगळी मुडपून ठेवली होती, आणि तिसऱ्या कडव्याच्या दारात उभी राहून त्या कळेची वाट पाहत होते. आता येईल. या ओळीला येईल. गायिका वर चढल्या, ढोलकी आली, टाळ्या आल्या. ती येईना. मी इतक्या मन लावून वाट पाहत होते की गाणं संपल्याचं मला कळलं नाही. काकांचे हात खाली आले, सगळे थांबले आणि मी एकटीच आणखी चार आवर्तनं वाजवत राहिले. लोकांना वाटलं तसंच बसवलंय. टाळ्या वाढल्या. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, "पुरे आता, बाळा. टाळ दुसऱ्या कुणाला तरी देतो."

मी पायऱ्या उतरून मागे आले. बाबा बोर्डापासून हलले होते. दर शुक्रवारसारखे त्यांनी दोन्ही हात पुढे केले, गुडघे वाकवले, श्वास भरून घेतला आणि माझ्या गळ्यातली गिटार उचलली. पंपाच्या तयारीनं लावलेला जोर, आणि हातात आली काळी पोकळ. ती सरळ वर उडाली आणि त्यांच्या फेट्याला जाऊन धडकली. फेटा मागे कलला. बाबा तसेच उभे, गिटार डोक्यावर धरून.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"निनादची. आपली त्याच्याकडे आहे. बाबा, मला ती... माझा हात..."

"दुखत होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आयोडेक्सचा वास येत होता गं घरभर. मला वाटलं बोललो तर तुला वाटेल बाबांनी चूक काढली. आणि तू सोडून देशील." त्यांनी गिटार हळूच खाली घेतली, दोनदा वरखाली केली. डोळे मिटले नाहीत. "निनाद ती ठेवून घेणार का?"

"मागतोच आहे. त्याच्या हाताला बसते."

"आणि त्याचे बाबा ती उचलतील? तीन मजले?"

"त्यांची लिफ्ट चालते, बाबा."

बाबा विजेच्या बोर्डाशेजारच्या खुर्चीवर बसले आणि हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मग उजवा खांदा डाव्या हातानं दाबून, गोल फिरवून बघितला, आणखी एकदा फिरवला. उठले, ती काळी गिटार एका हातानं खांद्यावर टाकली आणि चालू लागले. आमची गाडी दाराशीच उभी होती. तरी बाबा हॉलला बाहेरून एक पूर्ण चक्कर मारून आले.